टाकीपासून इंजेक्टरपर्यंत : एका जुन्या टर्बो गाडीच्या इंधनव्यवस्थेची निवड

बेळगावच्या उद्यमबागेतील तात्यांच्या वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीचे इंजिन उघडले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा वरच्या दोन रिंगांमधला कठडा अंगठ्याच्या नखाएवढा तुटलेला निघाला. पिस्टनच्या डोक्यावर मिठाचे खडे शिंपडल्यासारखे बारीक खड्डे पडले होते आणि स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे चमकणारे ठिपके चिकटलेले होते. बाकीचे तीन पिस्टन जवळपास धडधाकट होते. तात्यांनी तो पिस्टन चिंधीने पुसून माझ्या हातात दिला आणि एवढेच म्हणाले, "पेट्रोल कमी पडलंय याला." जानेवारी २०२५ मधल्या त्या संध्याकाळपासून मे अखेरपर्यंत मी जे शिकलो, मोजले आणि ठरवले, ते आपल्या भागातील टर्बो गाड्यांच्या हौशी मंडळींच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडी २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. औरंगाबादजवळच्या कारखान्यात जुळवलेली, १७८१ सीसीचे वीस व्हॉल्व्हांचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली आणि मुळात १५० अश्वशक्तीची. ती मी बेळगावातल्याच एका गृहस्थांकडून २०१८ मध्ये घेतली आणि चार वर्षे कारखान्यातून आली तशीच चालवली. नंतर मूळचा के०३ जातीचा लहान टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, खराब झाला, तेव्हा त्या जागी के०४ आकाराचा मोठा टर्बो, समोर मोठा इंटरकूलर आणि मोकळा एक्झॉस्ट बसवला. हवा वाढली म्हणजे पेट्रोलही वाढले पाहिजे, हे मला ठाऊक होते. ज्या ट्यूनरकडे मी तेव्हा गेलो त्याने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात, बूस्ट म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब वाढवून दिला आणि पेट्रोलसाठी बूस्टच्या काही पटींनी दाब वाढवणारा रेग्युलेटर टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्न लाइनवर बसवला. बूस्ट चढला की हा रेग्युलेटर परतीचा मार्ग आवळतो, रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतला, दाब वाढतो आणि पेट्रोल फवारणाऱ्या त्याच इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल जाते. कागदावर हे सोपे, स्वस्त आणि पटणारे होते, आणि मी मान डोलावली. दोन वर्षांनी एका बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतीत तिसऱ्या धावेला इंजिनचा आवाज बदलला, ऑइलच्या झाकणातून धूर येऊ लागला आणि गाडी ट्रकवर चढवून बेळगावला आणावी लागली.

त्या दिवशीची नोंद माझ्या लॅपटॉपमध्ये होती. व्हीसीडीएस हे ईसीयूमधले आकडे वाचणारे सॉफ्टवेअर लावून मी सगळ्या धावांचे लॉग घेतले होते, पण उघडून पाहिले नव्हते. ही चूक सर्वस्वी माझी. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ १९.४ मिलिसेकंद दिसत होता. या वेगाला इंजिनचे एक पूर्ण चक्र बरोबर २० मिलिसेकंदांत संपते. म्हणजे इंजेक्टर ९७ टक्के वेळ उघडाच होता आणि ईसीयूने आणखी पेट्रोल मागितले असते तरी द्यायला जागा उरलेली नव्हती. हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर, ज्याला आपण मॅफ म्हणतो, सेकंदाला १६८ ग्रॅम हवा दिसत होती. हा आकडा सव्वापट केला की अश्वशक्तीचा ढोबळ अंदाज मिळतो, तो २१० येतो. आणि व्हीसीडीएसच्या विसाव्या गटात, जिथे नॉकिंग म्हणजे पेट्रोल अवेळी भडकल्याची ठकठक ऐकून ईसीयू प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, किती मागे घेतो ते दिसते, तिथे तिसऱ्या सिलिंडरसमोर १०.५ अंश लिहिलेले होते. इंजिन ओरडून सांगत होते आणि ते ऐकायला मी तिथे नव्हतो.

माझे पहिले अनुमान असे होते की इंजेक्टर लहान पडले, म्हणून मोठे इंजेक्टर आणावेत. ते अर्धेच बरोबर होते. बाकीचे अर्धे तात्यांमुळे कळले. तात्यांचा सगळा जन्म पंपांच्या आणि हायड्रॉलिकच्या कामात गेला आहे. मी इंजेक्टरच्या किमती शोधत बसलो असताना ते म्हणाले, "आधी टाकीतनं किती येतंय ते बघ की. नळ मोठा घेऊन काय करणार तू?" तेव्हा मागच्या सीटखालचे झाकण उघडून पंपापासून सुरुवात करायची असे ठरले.

चाचणी आम्ही वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या अंगणात, आग विझवण्याचे दोन सिलिंडर हाताशी ठेवून आणि सकाळी गार असताना केली. बॅटरीला शेजारच्या चालू गाडीची जोडणी दिली, म्हणजे व्होल्टेज इंजिन चालू असतानासारखे राहील. वादातला रेग्युलेटर काढून कारखान्याचा तीन बारचा लावला आणि त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीला सायकलच्या पंपाने १.१ बार हवा दिली, म्हणजे रेलमध्ये पूर्ण बूस्टला असायला हवा तसा ४.१ बार दाब झाला. रिटर्नची नळी मापाच्या भांड्यात सोडून तीस सेकंद पंप चालवला. भांड्यात ४५० मिलिलिटर पेट्रोल आले, म्हणजे ताशी ५४ लिटर. लॉगमधल्या वेळेप्रमाणे इंजेक्टरना ताशी सुमारे ७३ लिटर लागत होते. दाब ३.३ बारवर आणला तेव्हा ५२५ मिलिलिटर आले, म्हणजे ताशी ६३ लिटर.

या दोन आकड्यांनी सगळा उलगडा केला. दाब वाढवणारा रेग्युलेटर रिटर्न पूर्ण बंद करू शकतो, पण पंपाने दिलेच नाही ते पेट्रोल तो निर्माण करू शकत नाही. वरच्या आरपीएमला रिटर्न बंद, पंपाचे सगळे पेट्रोल इंजेक्टरमधून जाणारे, आणि दाब जिथे दोघांचा मेळ बसेल तिथे, म्हणजे ३.३ बारच्या आसपास, घसरलेला. मधल्या आरपीएमला मागणी कमी असल्यामुळे दाब खरोखर चढत असे, मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले होई आणि मागून काळा धूर दिसे. तो धूर पाहून मी दोन वर्षे समाधानी होतो, कारण पेट्रोल भरपूर जात आहे असे वाटे. खरी गरज होती तिथे, शेवटच्या हजार आरपीएममध्ये, १६८ ग्रॅम हवेला ताशी ६३ लिटर पेट्रोल मिळत होते. आजच्या पेट्रोलच्या हिशेबाने तिथे लॅम्बडा ०.९५ च्या घरात येतो. लॅम्बडा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे माप, एक म्हणजे नेमके जुळणारे आणि एकाखाली पेट्रोल जास्त. अशा इंजिनला पूर्ण बूस्टवर ०.८२ च्या आसपास हवा असतो. याच्या पुढे पिस्टनचे काय होते, ते टेबलावर दिसतच होते.

पंप म्हातारा झाला असेल म्हणून तो बदलायचा, एवढ्यावर मी थांबलो असतो. पण वायरिंगचे काम करणाऱ्या मुलाने पंपाच्या प्लगवर मीटर लावला आणि म्हणाला, "दादा, इथं अकराच येतंय बघा." बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि पंपाच्या प्लगवर ११.२. एकोणीस वर्षे जुनी बारीक तार, फ्यूजच्या पेटीतला काळवंडलेला सांधा आणि मागच्या बाजूची गंजलेली अर्थिंग यांनी मिळून जवळपास पावणेतीन व्होल्ट वाटेतच खाल्ले होते. बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज, रिले आणि चार चौरस मिलिमीटरची तार मागे नेली, अर्थिंगची जागा घासून नवा बोल्ट बसवला आणि त्याच जुन्या पंपाने ४.१ बारला तीस सेकंदांत ६२० मिलिलिटर दिले. ताशी ७४ लिटर! एका रिलेने आणि थोड्या तारेने जे केले ते त्या महागड्या रेग्युलेटरने केले नव्हते. तरीही ७३ च्या मागणीला ७४ चा पुरवठा म्हणजे राखीव काहीच नाही, म्हणून ताशी २५५ लिटर क्षमतेचा वॉलब्रो पंप टाकीत बसवला. त्याने त्याच दाबाला दीड लिटरहून अधिक दिले. रिलेला मूळ पंपाच्या तारेचाच इशारा जोडला आहे, म्हणजे इंजिन बंद पडले की ईसीयू पंप बंद करतो ही सोय कायम राहते. थेट चावीवर पंप जोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. अपघातात इंजिन बंद पडूनही पेट्रोल वाहत राहील असे काम कोणी करू नये.

आता प्रश्न इंजेक्टरचा. त्याआधी आपण टाकीत नेमके काय भरतो ते पाहणे भाग होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत ई२० चे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे, उद्घाटन झाले आणि पुढच्या दोन वर्षांत ते पेट्रोल सर्वत्र पोहोचले. आपल्या भागात तर हे इथेनॉल कुठून येते हे वेगळे सांगायला नको. निपाणी, संकेश्वर, अथणीकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवताना आपण पुढच्या महिन्याच्या पेट्रोलचाच एक हिस्सा पाहत असतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागते. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा, इथेनॉलला ९ किलो, आणि ई२० ला सुमारे १३.५ किलो. म्हणजे त्याच शक्तीसाठी इंजेक्टरमधून साधारण आठ टक्के अधिक इंधन गेले पाहिजे. मोबदल्यात इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, चांगला असतो आणि बाष्पीभवन होताना ते हवा गार करते, हा टर्बो इंजिनला लाभच आहे. फक्त इंधनव्यवस्थेने ते वाढीव माप द्यायला हवे.

ऐकीव माहितीवर न राहता मी प्रयोगशाळेतल्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून शंभर मिलिलिटरचा काचेचा मापाचा सिलिंडर आणला. त्यात वीस मिलिलिटर पाणी घेऊन शाईचा एक थेंब टाकला, वर ऐंशी मिलिलिटर पेट्रोल ओतले, बूच लावून हलवले आणि दहा मिनिटे स्थिर ठेवले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. निळ्या थराची रेघ हळूहळू वर सरकून ३५ वर थांबली. म्हणजे ऐंशीपैकी पंधरा मिलिलिटर, जवळपास १९ टक्के. थोडे इथेनॉल वरच्या थरातही राहते हे धरले, तर पंपावर लिहिलेले खरे होते. हा प्रयोग करायला पाच मिनिटांचेही कष्ट नाहीत आणि तीन वेगवेगळ्या पंपांवरचे पेट्रोल तपासल्यावर मी हिशेबात ई२० निश्चित धरला.

माझे उद्दिष्ट २२० अश्वशक्तीचे होते. याहून जास्त मागण्याचा अधिकार मूळ कनेक्टिंग रॉडना आणि गिअरबॉक्सला विचारल्याशिवाय मला नाही, असे माझे मत आहे. टर्बो इंजिनसाठी सढळ हाताने धरलेला खर्च घेतला तर २२० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे १३५० सीसी शुद्ध पेट्रोल लागते, आणि ई२० चे आठ टक्के धरून १४६० सीसी. मूळ इंजेक्टर आम्ही टेस्ट बेंचवर मोजले, ते तीन बारला सरासरी ३१५ सीसीचे निघाले. चौघांचे मिळून १२६० सीसी. शंभर टक्के उघडे ठेवले तरी भागत नाही. अनेकांनी मला सांगितले की तीनऐवजी चार बारचा रेग्युलेटर लाव, काम होईल. दाब वाढला की प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तीनाचे चार केले तर साडेपंधरा टक्के, म्हणजे एक इंजेक्टर ३६४ सीसीचा आणि चौघे मिळून १४५६. बरोबर काठावर, पुन्हा शंभर टक्के! इंजेक्टर ८० टक्क्यांच्या आत चालावा हा नियम मी का पाळतो तर उन्हाळा-हिवाळा, व्होल्टेजची घट, अर्धवट चोंदलेला फिल्टर या सगळ्यांना जागा लागते म्हणून. त्या हिशेबाने ४५६ सीसीच्या वरचा इंजेक्टर हवा होता. ४४० चा संच किंचित कमी पडत होता, म्हणून ५५० सीसीचा घ्यायचे ठरले. त्यावर हिशेब ६६ टक्क्यांचा बसत होता. याहून मोठे घेतले असते तर लाल दिव्याला थांबल्यावर, जिथे इंजिनला दोन मिलिसेकंदांचाही ठिपका पुरतो, तिथे माप चुकण्याची भीती वाढते.

मोठे इंजेक्टर बसवले की ईसीयूला ते कोणत्या तरी मार्गाने समजावून सांगावे लागते. माझ्या मते सगळ्या निवडीतला कळीचा भाग हाच आहे. माझ्यासमोर चार वाटा होत्या. मूळ इंजेक्टर तसेच ठेवून इनटेकच्या नळीत पाचवा इंजेक्टर आणि त्याला वेगळा कंट्रोलर, ही वाट मी लवकर सोडली, कारण इनटेक मॅनिफोल्ड हवा वाटण्यासाठी बनवलेला आहे, ओले पेट्रोल वाटण्यासाठी नाही. एका सिलिंडरला जास्त आणि एकाला कमी मिळाले तर तिसऱ्या पिस्टनची गोष्ट पुन्हा घडायला वेळ लागणार नाही.

दुसरी वाट पिगीबॅकची. मॅफच्या तारेत एक पेटी बसवायची आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवायची. इंजेक्टर मोठे, हवा कमी दाखवलेली, म्हणजे पेट्रोल बरोबर. आपल्याकडे हे पुष्कळ केले जाते आणि गाडी सुरळीत चालतेही. पण ईसीयू त्याच आकड्यावरून इंजिनवरचा भार ठरवतो आणि भारावरून टायमिंग. हवा चाळीस टक्के कमी दाखवली की त्याला वाटते इंजिन आरामात आहे, आणि तो टायमिंग पुढे नेतो, नेमक्या त्या क्षणी जेव्हा पूर्ण बूस्ट सिलिंडरमध्ये कोंबलेला असतो. पेट्रोल बरोबर करून ठिणगी चुकवायची, हा सौदा मला पत्करायचा नव्हता. जो एकदा पिस्टन हातात धरून बसला आहे त्याने ईसीयूशी खोटे बोलू नये, एवढेच मी म्हणेन.

तिसरी वाट स्वतंत्र ईसीयूची. ती मला खरोखर मोहात पाडत होती. हॉलटेक किंवा लिंकसारखा ईसीयू घेतला तर सगळे हातात येते, रेलचा दाब घसरला तर इंजिन आपोआप रोखता येते, लॉग उत्तम मिळतो. पण या गाडीचा थ्रॉटल तारेचा नसून विजेवर चालणारा आहे. मीटरचा पॅनेल, एसी, ट्रॅक्शन आणि चावीचा इमोबिलायझर हे सगळे मूळ ईसीयूशी बोलतात. ही गाडी मी महिन्यातून चार-पाच वेळा तरी टिळकवाडीहून खानापूरला नेतो आणि आईला त्यात बसवतो. पहाटेच्या गारठ्यात पहिल्या चावीला सुरू होणे आणि एसी लागताच न गचकणे, ही कारखान्याने वर्षानुवर्षे खपून केलेली कामे मला नव्याने करायची नव्हती. शिवाय आपल्या भागाची एक खोच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि चोर्ला घाट उतरून काही तासांत आपण समुद्रकाठी पोहोचतो. हवेचा दाब जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो, आणि गेजवर तोच १.१ बार बूस्ट दिसत असला तरी इंजिनात सुमारे चार टक्के अधिक हवा जाते. मॅफ हवेचे वजनच मोजतो, त्यामुळे मूळ ईसीयूला हे आपोआप कळते.

म्हणून चौथी वाट घेतली. मूळ बॉशचा एमई७.५ ईसीयू ठेवायचा आणि त्याच्या आतल्या तक्त्यांत नव्या इंजेक्टरची खरी मापे लिहायची. हे काम पुण्यातल्या एका तरुण कॅलिब्रेटरने केले, जो मला प्रत्येक बदल दाखवून आणि कारण सांगून करत होता. मागच्या अनुभवानंतर माझी पहिली अट तीच होती.

इंजेक्टर खरेदीत मात्र मी एकदा फसलो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून बॉशच्या पेटीतला ५५० सीसीचा संच अर्ध्या किमतीत मिळाला. दिसायला निर्दोष होता. टेस्ट बेंचवर लावला तेव्हा चौघांचे आकडे ५४८, ५१२, ५५९ आणि ४७६ आले. ४७६ च्या तोंडाशी फवाऱ्याऐवजी एक जाड धार आणि बंद झाल्यावर लोंबणारा थेंब दिसत होता. चारांत एक इंजेक्टर तेरा टक्के कमी देत असेल, तर एक्झॉस्टमधला सेन्सर चौघांची सरासरी दाखवील आणि तो एक सिलिंडर गुपचूप जळत राहील. संच परत पाठवला आणि ओळखीच्या वितरकाकडून पूर्ण किमतीचा ईव्ही१४ जातीचा संच घेतला. त्याचे आकडे ५४९ ते ५५६ मध्ये बसले. ओहममीटरवर प्रत्येक इंजेक्टर बारा ओहम दाखवतो याचीही खात्री केली, कारण दोन-तीन ओहमचे इंजेक्टर थेट जोडले तर ईसीयूचे ड्रायव्हर जळतात. प्लगची ठेवण वेगळी असल्याने जोडणीचे अडॅप्टर आणि रेलची उंची जुळवायला तात्यांच्या लेथवर केलेले चार ॲल्युमिनियमचे बूच लागले.

होजांबद्दल थोडे सांगतो, कारण या गोष्टीकडे कोणी पाहत नाही. टाकीतल्या पंपापासून झाकणापर्यंतचा छोटा होज पेट्रोलमध्ये आतून-बाहेरून बुडालेला असतो. साधा होज इथेनॉलमध्ये काही महिन्यांत मऊ पडून फुगतो आणि चिरतो. तिथे ३०आर१० असा शिक्का असलेलाच होज लागतो. बॉनेटखाली मी ३०आर९ वापरला आणि सगळीकडे काठ दुमडलेले इंजेक्शनचे क्लिप, कारण दातेरी पट्टीचे साधे क्लिप रबर कापतात. जुना होज बोटांत दाबला तेव्हा त्याची आतली कातडी बोटाला काळी लागली होती.

इंजिन नव्या पिस्टनवर एक हजार किलोमीटर, बूस्ट न वाढवता, फिरवून मे महिन्यात आम्ही कॅलिब्रेशनला बसलो. ईसीयूमधला इंजेक्टरचा मूळ स्थिरांक, केआरकेटीई, जुन्या-नव्या मापांच्या प्रमाणात म्हणजे ०.५७३ ने गुणला. हे सोपे काम. अवघड काम टीव्हीयूबी तक्त्याचे. विजेचा इशारा मिळाल्यापासून इंजेक्टरची सुई प्रत्यक्ष उचलेपर्यंत मिलिसेकंदाचा काही भाग वाया जातो आणि व्होल्टेज कमी झाले की तो वेळ वाढतो. पूर्ण बूस्टला बारा-तेरा मिलिसेकंदांत हा फरक जाणवत नाही, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, दोन मिलिसेकंदांत ०.२ ची चूक म्हणजे दहा टक्के. पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली, पण आयडलची सुई सातशे आणि हजारच्या मध्ये झोके घेत होती, आणि बत्तिसाव्या गटात आयडलची दुरुस्ती, म्हणजे ईसीयू स्वतःहून पेट्रोल कमी-जास्त करतो तो आकडा, उणे नऊ टक्क्यांवर गेली. हेडलाइट आणि पंखा लावून व्होल्टेज पाडले की ती आणखी हलायची. बेंचवर १२, १३ आणि १४ व्होल्टला तो वेळ स्वतः मोजून तक्ता पुन्हा भरला, तेव्हा तिसऱ्या दिवशी आयडलची दुरुस्ती उणे दीडवर आणि धावतानाची अधिक दोन टक्क्यांवर स्थिरावली. या दोन आकड्यांचा मला जितका आनंद झाला तितका पुढे अश्वशक्तीच्या आकड्यानेही झाला नाही.

एक्झॉस्टमध्ये लॅम्बडा मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि रेलवर दाबाचा सेन्सर आधीच बसवला होता. पूर्ण बूस्ट असताना लॅम्बडा ०.९० च्या वर गेला किंवा रेल ३.८ बारच्या खाली आली, तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. पैसे कमी असतील तर बाकी सगळे पुढे ढकलावे, पण वाइडबँड आधी घ्यावा असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

डायनोसाठी, म्हणजे चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या यंत्रासाठी, पुण्याला गेलो. तवंदी घाट, कोल्हापूर, खंबाटकी असा सगळा रस्ता ताशी ऐंशीच्या आसपास, एका डोळ्याने लॅम्बडा पाहत. बूस्ट ०.७, ०.९ आणि शेवटी १.१ बार असा तीन टप्प्यांत चढवला आणि प्रत्येक टप्प्यानंतर लॉग वाचल्याशिवाय पुढे गेलो नाही. शेवटच्या धावेला सेकंदाला १७६ ग्रॅम हवा, लॅम्बडा ०.८२, रेलचा दाब शेवटपर्यंत ४.१ बार, ६००० आरपीएमला इंजेक्टरचा वेळ १२.६ मिलिसेकंद म्हणजे ६३ टक्के, आणि चारही सिलिंडरांत टायमिंगची माघार जास्तीत जास्त ३ अंश. चाकांवर १८६ अश्वशक्ती. इंजिनवर ते माझ्या २२० च्या आसपासच बसते.

कायद्याची बाजू मी झाकणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. अशा कामात हात घालण्यापूर्वी ते वाचावे. विमा कंपनीला मी सगळे बदल लेखी कळवले आहेत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवला आहे आणि पूर्ण बूस्टची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर कधीही घेतलेली नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, गाडी जांबोटीमार्गे चोर्ला घाटातून खाली नेली. वेगासाठी नव्हे, तर उंची बदलल्यावर दुरुस्तीचे आकडे कुठे जातात ते पाहण्यासाठी. वर कणकुंबीला धुके आणि गारवा होता, खाली साखळीला पोहोचेपर्यंत घामाने शर्ट पाठीला चिकटला. चहाच्या टपरीसमोर गाडी चालू ठेवूनच लॅपटॉप उघडला. आयडलला उणे १.२, धावताना अधिक २.३. पंखा सुरू झाला, एसीचा कंप्रेसर लागला, आणि आयडलची सुई जागची हलली नाही. टाकीवरचे झाकण उघडून होजाचा सांधा बोटाने चाचपला, तो कोरडा होता. पाच हजार किलोमीटरनंतर तो होज काढून पुन्हा आतून पाहायचा आहे, तशी तारीख तात्यांच्या वर्कशॉपमधल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.